मिर्टोचा साचा

मेलिन्नाच्या अंगठ्यांवर रेघा उरल्या नव्हत्या. तीस वर्षं ओली माती साच्यात दाबून दाबून तिथली कातडी गुळगुळीत, चकचकीत झाली होती. चुलीवरचं गरम भांडं उतरवायला तिला फडकं लागायचं नाही. पण साच्याच्या आत, जिथं नजर पोहोचत नाही तिथं, माती नीट बसली की पोकळी राहिली, हे त्याच अंगठ्यांना लगेच कळायचं. अथेन्सच्या कुंभारवाड्यात, ओढ्याकाठच्या दिफिलोसच्या कारखान्यात, म्हणूनच तिला मान होता. चाकावर बसणारे बदलले, रंगवणारे आले नि गेले, पण मुंडक्यांच्या भांड्यांना माती दाबायची ती मेलिन्नानंच.

मुंडक्यांची भांडी ही दिफिलोसची खासियत. वर प्यायचं तोंड, मागं धरायला मूठ आणि पोटाच्या जागी माणसाचं आख्खं डोकं. कधी दाढीवाला वीर हेराक्लीस, कधी चपट्या नाकाचा, घोड्याच्या कानांचा सॅटिर, कधी कुरळ्या केसांचा इथिओपियन. सगळ्यांत जास्त खप मात्र बाईच्या डोक्याला. पुरुषांच्या बैठकीत ती भांडी फिरायची, द्राक्षाच्या दारूनं भरायची नि रिकामी व्हायची. पश्चिमेकडचे व्यापारी तर गवतात गुंडाळून जहाजंच्या जहाजं भरून न्यायचे.

चेहऱ्याचा एक साचा असे आणि डोक्यामागचा दुसरा. भाकरीएवढी माती थापून ती साच्यात बसवायची, कपाळापासून सुरुवात करून अंगठ्यानं हळूहळू खाली दाबत यायचं, डोळ्यांच्या खोबणीत, नाकाच्या दोन्ही अंगांना, ओठांच्या मधल्या चिरेत. भिंत सगळीकडं सारखी आणि पातळ हवी. माती थोडी सुकली की आक्रसते आणि आपणहून साचा सोडते. मग दोन्ही अर्धी पातळ मातीनं सांधायची. दिफिलोस चाकावर घडवलेलं तोंड वर चढवी, रंगवणारा केसांना नि भुवयांना काळा लेप देई. चेहरा तसाच ठेवायचा, भाजलेल्या मातीच्या तांबूस रंगाचा, माणसाच्या कातडीसारखा.

मेलिन्ना मूळची डोंगराकडची. बाप कोळसा पाडायचा आणि गाढवावर लादून कुंभारवाड्यात विकायला आणायचा. भट्टीपाशी बोलता बोलता तिथंच पोरीचं लग्न जमलं. नवरा युफ्रोन, दिफिलोसच्या कारखान्यातला साचेवाला. आधी मातीचं डोकं हातानं घडवायचं, मग त्यावर माती चढवून साचा काढायचा, तो भाजायचा, हे त्याचं काम. अबोल माणूस. घरात त्याचा आवाज यायचा तो जेवताना ऑलिव्हच्या बिया ताटलीत पडायचा तेवढाच. पंधराव्या वर्षी ती त्याच्या घरी आली, आणि घराची मागची भिंत कारखान्याला लागून असल्यामुळं वर्षभरात तिचे हात मातीत गेले. तिसऱ्या वर्षी मिर्टो झाली. पुढं दोन मुलं झाली, पण ती राहिली नाहीत. मिर्टो एकटीच वाढली.

मिर्टो पंधरा वर्षांची होती तेव्हा युफ्रोननं बाईच्या डोक्याचा नवा साचा केला. भाजून गार झालेला साचा त्यानं मेलिन्नापुढं ठेवला आणि तो ओढ्यावर हात धुवायला गेला. मेलिन्नानं ओला बोळा घेऊन साचा आतून पुसायला घेतला. हनुवटीच्या खोलगट भागात तिच्या अंगठ्याला काहीतरी टोचलं. जवाच्या दाण्याएवढा उंचवटा. मातीचा कण चिकटून राहिला असेल म्हणून तिनं नख लावलं. निघेना. पुन्हा नख लावलं, आणि मग तिचा हात थांबला.

साच्यात सगळंच उलटं असतं. साच्यातला उंचवटा म्हणजे भांड्यावरचा खड्डा. हनुवटीवर, मध्यापासून किंचित बाजूला, जवाच्या दाण्याएवढी खळी. मिर्टो दोन वर्षांची असताना मसुराचं कालवण त्याच खळीत जाऊन बसायचं, आणि मेलिन्ना ते ह्याच अंगठ्यानं पुसून काढायची.

"अहो, जरा इकडं या."

"का? तडा गेला?" युफ्रोन ओले हात झटकत आला.

"ही कोण आहे?"

"कोण म्हणजे? भांड्याची बाई."

"भांड्याच्या बाईला आपल्या मिर्टोची खळी कशी?"

युफ्रोननं साचा हातात घेतला, पुन्हा खाली ठेवला.

"लाज नाही वाटली?" मेलिन्ना हळू आवाजात म्हणाली, पलीकडं रंगवणारे बसले होते. "विहिरीवर जाताना पोरीला डोक्यावरून वस्त्र ओढून घ्यायला लावतो आपण. आणि उद्या कोण कुठला दारुडा तिच्या कानाला धरून म्हणेल, काय गं, बोलत का नाहीस? चार जण हसतील. तुमच्या पोरीला हसतील."

"मी ठरवून नाही गं केलं. आधी कपाळ केलं, मग नाक. बोटं चालत राहिली. झाल्यावर बघतो तर ती."

"मग मोडायचं तिथंच."

"मोडणारच होतो." युफ्रोननं कमरेची सुरी काढून तिच्यापुढं धरली. "खळी तेवढी खरवडून टाक. मग ती कुणीच नाही. तूच टाक."

मेलिन्नानं सुरी घेतली. साचा मांडीवर घेऊन बसली. अंगणात मिर्टो शेजारणीच्या बकरीला ओरडत होती, कारण बकरीनं सुकत घातलेलं वस्त्र चघळायला घेतलं होतं. मेलिन्नानं सुरी नवऱ्याला परत दिली आणि मातीचा पहिला गोळा उचलला.

ह्या गोष्टीवर नवरा-बायको पुन्हा कधी बोलले नाहीत. पहिली भांडी भाजून निघाली त्या दिवशी मिर्टो अंजिरं घेऊन कारखान्यात आली होती. तिनं एक भांडं उचलून निरखून बघितलं.

"आई, ही कुणासारखी तरी दिसते गं."

"कुणासारखी?" मेलिन्नानं हातातला गोळा खाली ठेवला.

"आत्यासारखी. नाक बघ ना कसं वर केलंय. आत्या उसनं तेल मागायला येते तेव्हा अशीच बघते."

युफ्रोनला खोकल्याचा ठसका लागला. मिर्टोनं स्वतःचं तोंड नीट असं कधी पाहिलंच नव्हतं. पाण्याच्या हौदात काय दिसायचं तेवढंच. काशाचा आरसा तिला लग्नात मिळायचा होता.

लग्न ठरलं होतं. तेलाच्या घाण्यावाल्याचा मुलगा, शांत स्वभावाचा. हिवाळ्यात, लग्नांच्या महिन्यात करायचं असं बोलणं झालं होतं. त्या बोलण्याला युफ्रोनच्या बाजूनं दिफिलोस बसला होता. उन्हाळा सरता सरता मिर्टोला ताप आला. पाचव्या दिवशी ती आईला ओळखेनाशी झाली आणि सातव्या दिवशी पहाटे गेली.

लग्नाच्या स्नानाचं पाणी ज्या उंच मानेच्या घागरीतून झऱ्यावरून आणतात, ती घागर कुंवारपणी गेलेल्या मुलीच्या थडग्यावर ठेवतात. मिर्टोची घागर दिफिलोसनं स्वतः चाकावर घडवली. तिला बूड ठेवलं नाही, म्हणजे वर ओतलेलं पाणी थेट मातीत उतरतं. वेशीबाहेरच्या रस्त्याच्या कडेला ती उभी केली. सुतकाची रीत म्हणून मेलिन्नानं केस कापले. लग्नात द्यायचा आरसा तिनं मिर्टोबरोबर थडग्यात ठेवला.

सुतकाचे तीस दिवस संपले आणि एकतिसाव्या दिवशी ती कारखान्यात आली. दिफिलोस दारात आडवा उभा राहिला.

"वहिनी, थोडे दिवस सॅटिर दाबा. हेराक्लीस दाबा. बाईचं डोकं राहू दे."

"का?"

दिफिलोस बाजूला झाला.

तिनं बाईचा साचा ओढून घेतला. माती थापली, कपाळावर बसवली. साच्यातला चेहरा डोळ्यांनी बघितला तर ओळखू येत नाही, नाकाच्या जागी खड्डा नि डोळ्यांच्या जागी उंचवटे. अंगठ्यांना मात्र सगळं कळतं. तिचे अंगठे भुवयांवरून गेले, गालांवरून गेले आणि हनुवटीशी आल्यावर त्या दाण्यावर थांबले. माती बसवून झाल्यावरही तिनं तिथं अंगठा दोनदा फिरवला. कालवण पुसावं तसा.

त्यानंतर बारा वर्षं मेलिन्नानं तो साचा दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाही. दारुड्यांचा राग केव्हा गेला, तिला आठवत नव्हतं. जहाज निघायच्या आधी भांडी गवतात गुंडाळताना ती एकेकीच्या चेहऱ्यावरून हात फिरवायची, एवढंच. भट्टीवाला किट्टोस, उत्तरेकडच्या थ्रेसहून लहानपणीच विकत आणलेला, दिफिलोसच्या घरचा गुलाम, तिला चिडवायचा, "मावशी, नांदायला पाठवताय की विकायला?" ती म्हणायची, "तू लाकडं मोज." असं साताठ वर्षं चाललं. मग एका हिवाळ्यात युफ्रोनला खोकल्यानं नेलं. तो गेला तेव्हा त्याच्या नखांत माती होती. ती धुऊन काढायचं मेलिन्नाच्या जिवावर आलं, पण रीत म्हणून धुतली.

घरात ती एकटी उरली. सकाळी जवाची भाकरी नि कांदा, दिवसभर कारखाना, आणि दर महिन्याला एकदा रस्त्याकडेच्या घागरीत पाणी.

भाजलेला साचाही झिजतो. आधी केसांच्या बटा बोथटल्या. मग ओठांमधली चीर भरत आली. एके दिवशी किट्टोस भट्टी लावताना म्हणाला, "मावशी, तुमची बाई अलीकडं पेंगायला लागलीय. डोळे बघा."

"झोप येत असेल. तुझी बडबड ऐकून कुणालाही येईल."

पण त्या दिवशी घरी जाण्याआधी तिनं साचा पुसून उजेडाकडं धरला. हनुवटीत अंगठा फिरवला. दाणा लागला नाही. नखानं चाचपलं तेव्हा अगदी पुसटसं काहीतरी जाणवलं, बसत आलेल्या फोडासारखं. केस झिजले ते मातीनं. दाणा मात्र नुसत्या मातीनं झिजलेला नव्हता. गालाला, कपाळाला तिनं एकदाच हात लावला असेल तिथं हनुवटीला दोनदा, तीनदा लावला होता. बारा वर्षं, दर भांड्याला. तिनं स्वतःच पुसून काढला होता तो.

ती साचा मांडीवर घेऊन बसून राहिली. किट्टोसनं दोनदा हाक मारली तरी तिला ऐकू गेलं नाही.

शरदात दिफिलोसनं विषय काढला. ऑलिव्ह झोडपून पाडायचे दिवस होते, कारखान्यात निम्मीच माणसं होती.

"वहिनी, बाईचा साचा आता बदलायला हवा. व्यापारी म्हणतो, डोकी उकडलेल्या अंड्यासारखी दिसतात."

"नवी बाई कोण घडवणार?"

"घडवायला युफ्रोन कुठं आहे? गेल्या वेळच्या भट्टीतलं एक बरं भांडं बघून त्याच्यावरूनच साचा काढू."

भांड्यावरून काढलेला साचा म्हणजे काय हे मेलिन्नाला कुणी सांगायला नको होतं. माती सुकताना आक्रसते, भाजताना आणखी आक्रसते. दहा बोटांचं भांडं नऊ बोटांचं होतं. त्याच्यावरून साचा काढला की पुढचं भांडं आठ बोटांचं. चेहरा तोच, पण लहान. आणि ह्या भांड्यांवर खळी नव्हतीच. पहिल्या वर्षांतलं एकही भांडं कारखान्यात उरलेलं नव्हतं. ती सगळी समुद्रापार कुणाच्या तरी फळीवर नाही तर थडग्यात होती.

"आणि जुना?" तिनं विचारलं.

"जुन्याचं काय? सणाला फोडायचा. रीत आहे."

कुंभारवाड्यात झिजलेला साचा तसाच टाकत नाहीत. शेजारचा कारखाना उचलून नेईल, आपला चेहरा आपल्याआधी बाजारात नेईल, ही धास्ती. कारागिरांच्या सणाच्या दिवशी, अथीना देवीला आणि आगीचा देव हेफायस्तोसला नैवेद्य दाखवून झाल्यावर, जो त्या साच्यावर राबला त्याच्याच हातानं तो फोडायचा. मग त्याची पूड करून नव्या साच्याच्या मातीत मिसळतात. त्यानं नव्या साच्याला तडा जात नाही.

"भावजी, तो मला द्या."

"काय?"

"साचा. मी घरात ठेवीन, पिठाच्या मडक्याखाली. कुणाला दिसायचा नाही."

दिफिलोसनं हातातली सुतळी खाली ठेवली. "वहिनी, तुम्ही मागताय म्हणून मी रागावत नाही. पण आज एक साचा ह्या दारातून बाहेर गेला की उद्या रंगवणारा म्हणेल मला द्या, परवा किट्टोस म्हणेल. माझ्या बापानं स्वतःच्या हातचे साचे फोडलेत. मला जमायचं नाही."

ती हलली नाही. दिफिलोसनं तिच्याकडं बघितलं, मग भट्टीकडं बघितलं.

"एक भांडं घ्या त्यातून," तो म्हणाला. "फोडायच्या आधी. शेवटचं. ते तुमचं. विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, तुमच्या घरात राहू दे."

दुसऱ्या दिवशी मेलिन्ना उजाडताच आली. माती तिनं स्वतः मळली, तीन वेळा खडे काढून, लोण्यासारखी होईपर्यंत. साचा धुतला. पहिला थर बसवला आणि नेहमीसारखी हनुवटीशी येऊन थांबली. अंगठ्याखाली काही लागलं नाही.

चेहऱ्याला हात लावायचा तो साचेवाल्यानं. दाबणाऱ्यानं साचा देईल ते घ्यायचं, आपल्या मनानं एक रेघ काढायची नाही. हा कारखान्याचा नेम तिनं तीस वर्षं पाळला होता. मोडायचं तिच्या मनातही आलं नाही. तिला फक्त एवढं वाटलं की साच्यात अजून जे काही पुसटसं उरलंय ते वर यावं. म्हणून ती जोरानं दाबायला लागली. जोरानं दाबलं की माती पातळ होते, म्हणून तिनं आणखी माती घातली. पुन्हा दाबली. हनुवटीशी, गालांशी, ओठांशी तिसरा थर बसवला आणि अंगाचा सगळा भार अंगठ्यांवर टाकला.

संध्याकाळी मातीनं साचा सोडला. मेलिन्नानं चेहरा तिरका करून उजेडात धरला. होती. अगदी हलकी, फुंकर मारली तर जाईल अशी, पण खळी होती. तिनं तो चेहरा दोन्ही तळव्यांत धरला. तळवे भरून गेले.

किट्टोसनं येताजाता ते भांडं उचलून बघितलं. "मावशी, जड आहे हो. नेहमीच्या दुप्पट."

"असू दे."

"जाड मातीचं भट्टीत काय होतं, तुम्हाला मी काय सांगावं?"

"सांगू नकोस मग."

भांडं फळीवर सुकत राहिलं. सणाचा दिवस आला. अंगणात मधाची भाकरी ठेवली, दारू शिंपडली. दिफिलोसनं दगडी पाटा पुढं आणला आणि वरवंटा मेलिन्नाच्या हातात दिला. सगळे जण गोल उभे होते. तिनं साचा पाट्यावर पालथा ठेवला, म्हणजे आतली बाजू दिसणार नाही. फळीवर तिचं भांडं सुकत होतं, ते तिनं एकदा मान वळवून बघून घेतलं. मग वरवंटा उचलला. एका घावात दोन तुकडे झाले. नंतर तिनं न थांबता कुटलं, चाळलं, आणि पूड मातीत कालवून दिफिलोसच्या हाती दिली. त्याच मातीतून त्यानं त्या आठवड्यात नवा साचा काढला, एका झिजल्या चेहऱ्याच्या भांड्यावरून.

पुढची भट्टी लागली ती दहाएक दिवसांनी. किट्टोसनं भट्टीच्या दारावर भांडी फोडणाऱ्या भुतांना भिववायला वेडंवाकडं मातीचं तोंड टांगलं, तसं दर वेळी टांगायचा. मेलिन्नाचं भांडं त्यानं वरच्या थरात, झळ हळू लागेल अशा जागी ठेवलं. "माझ्याकडून होईल तेवढं करतो," म्हणाला. ती दिवसभर दाबायला बसली होती, पण कान भट्टीकडं. दुपारी, ज्वाला पिवळी व्हायच्या आधीच, आत फट्ट असा आवाज झाला. मग लागोपाठ दोन. किट्टोसनं तिच्याकडं बघितलं नाही.

भट्टी गार व्हायला दोन दिवस लागले. दार उघडलं तेव्हा वरच्या थरात ठिकऱ्याच ठिकऱ्या होत्या. तिच्या भांड्याबरोबर शेजारचे दोन सॅटिर आणि एक हेराक्लीस फुटला होता. थरांच्या मधे अडकलेल्या ओलाव्यानं चेहरा आतून उडवला होता. दिफिलोसनं एक जाड ठिकरी उचलली, बोटानं मोजली आणि त्याचा चेहरा उतरला.

"वहिनी, तुम्ही? तीस वर्षांत तुमचा हात कधी चुकला नाही."

"हात नाही चुकला, भावजी."

ती भट्टीच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसली आणि एकेक तुकडा पदरात घेऊ लागली. अर्धी भुवई, एक कान, ओठाचा कोपरा. हनुवटीचा भाग सापडला नाही, त्याचा चुरा झाला होता. किट्टोस वाकून राख चाळू लागला. बराच वेळ चाळली. शेवटी उठून म्हणाला, "मावशी, नाही हो." ह्या वेळी त्यानं तिला चिडवलं नाही.

चार दिवस मेलिन्ना कारखान्यात आली नाही. तुकडे तिनं टोपलीत घालून घरात ठेवले. जुळवायचा प्रयत्न केला, पण जुळलेला चेहरा मिर्टोचा होईना, तो एखाद्या वेड्या बाईचा दिसायचा. पाचव्या दिवशी सकाळी भाकरीसाठी ती जव निवडत बसली होती. सुपातला एक दाणा अंगठ्याखाली आला. तिनं तो तिथंच धरून ठेवला.

मग तो दाणा मुठीत घेऊन ती उठली आणि कारखान्यात गेली.

नवा साचा भाजून तयार होता. पहिल्यापेक्षा लहान. आत हनुवटी गुळगुळीत. तिनं माती थापली आणि भिंत पातळ, सगळीकडं सारखी राखत ती बसवली. नवीन मुलीला दाखवायचं असतं तशी सावकाश, एक एक जागा. मातीनं साचा सोडल्यावर तिनं तो चेहरा हातात घेतला. आठ बोटांचा. पंधरा वर्षांची मिर्टो त्यात राहिली नव्हती. गाल तेच, नाकाचा वर उचललेला शेंडा तोच, पण सगळं लहान झाल्यानं ही सात-आठ वर्षांची पोर दिसत होती. बकरीमागं धावणारी. दुधाचे दात पडलेली, म्हणून तोंड मिटून हसणारी.

मेलिन्नानं मुठीतला दाणा हनुवटीवर ठेवला. मध्यापासून किंचित बाजूला. जागा शोधावी लागली नाही. अंगठ्यानं दाबला, आणि नखाच्या टोकानं अलगद उचलून घेतला.

मागं पावलं वाजली. दिफिलोस उभा होता.

"हे काय केलंत?"

ती वळली नाही. "साच्यात होतं ते परत ठेवलं."

"ह्या साच्यात तर नव्हतं."

"ह्याच्या आईत होतं."

रंगवणारा मान वर करून बघत होता. तीस वर्षांत दाबणाऱ्या बाईनं चेहऱ्यात फेरफार केलेला त्या कारखान्यात कुणी पाहिला नव्हता. दिफिलोसनं तो ओला चेहरा तिच्या हातातून घेतला, उजेडाकडं नेला आणि बराच वेळ बघितला. लग्नाच्या बोलण्याच्या दिवशी ह्याच हनुवटीची पोर तबकात अंजिरं घेऊन त्याच्यापुढं आली होती, आणि त्यानं तिला, 'दिफिलोसकाकाला दोन जास्त' असं चिडवलं होतं. तिच्या थडग्यावरच्या घागरीला बूड न ठेवणारे हात हेच होते. तो चेहरा त्यानं जपून परत दिला.

"सगळ्यांना करणार?"

"सगळ्यांना."

"मग दाणा जरा मोठा घ्या," तो म्हणाला. "भाजल्यावर खळीही लहान होते."

ते भांडं पातळ होतं, म्हणून शाबूत भाजून निघालं. दिफिलोसनं ते विक्रीच्या यादीत धरलं नाही. मेलिन्नानं त्यात पाणी मिसळलेली दारू भरली आणि वेशीबाहेर नेलं. घागरीपाशी बसून तिनं ती सगळी दारू बूड नसलेल्या घागरीतून खाली सोडली, आणि रिकामं भांडं शेजारी मातीत रोवलं, चेहरा रस्त्याकडं करून. जाणाऱ्या-येणाऱ्यांकडं बघायला मिर्टोला आवडायचं.

त्यानंतर मेलिन्ना सोळा वर्षं जगली. त्या काळात दिफिलोसच्या मुंडक्यांच्या भांड्यांवर हनुवटीची खळी आली की व्यापारी ओळखायचे, हा माल कुठला ते. कशामुळं आली, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. मेलिन्नाच्या कमरेला सुतळीनं बांधलेल्या छोट्या पुरचुंडीत जव असायचे. झिजला की दाणा बदलायचा.

दुसरा साचा झिजला, तेव्हा त्याच्याच भांड्यावरून तिसरा काढला. सणाच्या दिवशी मेलिन्नानंच दुसरा फोडला, न थांबता, आणि पूड तिसऱ्याच्या मातीत गेली. तिसऱ्यातून निघालेलं डोकं बघून किट्टोस, आता त्याचेही केस पिकले होते, म्हणाला, "मावशी, ही तर फारच बारकी झाली."

मेलिन्नानं ओला चेहरा उचलला. दोन तळवे लागले नाहीत. एकाच तळव्यात तो मावला, कपाळ मनगटाशी आणि हनुवटी बोटांच्या टोकांवर. सुईणीनं मिर्टोला पहिल्यांदा तिच्या हातात दिलं होतं, तेव्हा डोकं असंच एका तळव्यात बसलं होतं.

तिनं पुरचुंडीतून दाणा काढला आणि दाबण्याआधी अंगठ्यानं ती हनुवटी एकदा पुसून घेतली.